विश्लेषण : सिमेंटशिवाय काँक्रीट शक्य आहे? डहाणूची राख बोळिंजच्या कामी येईल?

विरार पश्चिमेच्या बोळिंजमध्ये शेते आणि वाड्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. म्हाडाच्या कोकण मंडळाची हजारो घरांची वसाहतही येथेच आहे. आता विरार आणि बोईसरला बुलेट ट्रेनची स्थानके होत आहेत. डहाणूजवळ वाढवण बंदराचे काम होऊ घातले आहे. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील काँक्रीटची मागणी पुढील काही वर्षे वाढतच जाणार. याच जिल्ह्यात, विरारपासून रेल्वेने सुमारे ६० ते ६५ किलोमीटरवर डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळतो आणि राख उरते. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यात पोलादाच्या भट्ट्यांतून स्लॅग निघतो. अशा औद्योगिक उपउत्पादनांपासून, सिमेंटचा कणही न घालता, विटा, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट करण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. मग ते बांधकामांवर सर्रास का दिसत नाही? त्याच्या शक्यता आणि मर्यादा कोणत्या, याचा आढावा.

सिमेंटला पर्याय शोधण्याची गरज का?

सिमेंटचा मुख्य कच्चा माल म्हणजे चुनखडी. ती मातीसोबत दळून भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ‘क्लिंकर’ नावाचे खडे तयार होतात. ते जिप्समबरोबर दळले की सिमेंट तयार होते. अडचण भट्टीच्या इंधनापुरती नाही. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे भट्टी कोळशाऐवजी अगदी स्वच्छ ऊर्जेवर चालवली, तरी दगडातच बंदिस्त असलेला हा वायू सुटणारच. सिमेंट उद्योगाच्या एकूण उत्सर्जनात या रासायनिक क्रियेचा वाटा निम्म्याहून अधिक असतो.

जगात वर्षाला सुमारे ४०० कोटी टन सिमेंट तयार होते. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात त्याचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. चीननंतर भारत हा दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक असून देशातील वार्षिक उत्पादन ४० कोटी टनांच्या पुढे गेले आहे.

हाच हिशेब एका घराला लावून पाहता येतो. बांधकाम व्यवसायातील ढोबळ गणितानुसार एक चौरस फूट बांधकामाला ०.४ गोणी सिमेंट लागते. ५०० चौरस फुटांच्या घराला २०० गोण्या, म्हणजे १० टन सिमेंट झाले. भारतात विकल्या जाणाऱ्या सिमेंटमध्ये राख आणि स्लॅग मिसळलेले असतात, हे गृहीत धरूनही एवढ्या सिमेंटमागे साधारण सहा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बोळिंजसारख्या वसाहतीत अशी हजारो घरे असतात.

‘सिमेंटविना’ म्हणजे नेमके काय?

काँक्रीटमध्ये खडी आणि रेती हा सांगाडा असतो आणि सिमेंट त्याला बांधून ठेवते. सिमेंटविना काँक्रीटमध्ये खडी आणि रेती तशीच राहते, फक्त बांधणारा पदार्थ बदलतो. कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असते. स्लॅगमध्ये त्यांच्या जोडीला चुनाही असतो. या भुकटीत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट यांचे द्रावण घातले, की त्यातील सिलिका आणि ॲल्युमिना विरघळतात आणि पुन्हा एकमेकांत गुंफून दगडासारखे घट्ट जाळे तयार करतात. राखेवर आधारलेल्या अशा पदार्थाला ‘जिओपॉलिमर’ म्हणतात. स्लॅगसह अशा सर्वच पदार्थांसाठी ‘अल्कलीने सक्रिय केलेले काँक्रीट’ ही व्यापक संज्ञा वापरली जाते.

येथे एक गोंधळ टाळायला हवा. बाजारात मिळणारे पीपीसी सिमेंट हे सिमेंटविना उत्पादन नव्हे. भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असते, बाकी क्लिंकर असते. पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग चालतो. ही सिमेंटे उत्सर्जन कमी करतात. पण त्यांतील क्लिंकर कायम असते. टॉवरच्या भिंतींत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एएसी ब्लॉकमध्येही राखेसोबत चुना आणि थोडे सिमेंट असते. क्लिंकर पूर्णपणे वगळणे ही वेगळी पायरी आहे.

ही कल्पना किती जुनी?

तत्त्व म्हणून ती सिमेंटपेक्षाही जुनी आहे. पोर्टलँड सिमेंटचा शोध एकोणिसाव्या शतकातला. त्याआधीची बांधकामे चुन्यात होत. चुन्याच्या घाणीत चुना, रेती आणि भाजलेल्या विटांची पूड, म्हणजेच सुरखी, मळली जाई. भाजलेल्या मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि ओलाव्यातही टिकणारा गारा तयार होतो. विटांच्या भट्टीवरचा चुरा वाया न घालवता बांधकामात आणण्याची ती रीत होती. कोळशाची राख आज जे काम करते, तेच काम सुरखी करत असे.

आधुनिक काळात १९५० च्या दशकात कीव्हमधील शास्त्रज्ञ व्हिक्टर ग्लुखोव्हस्की यांनी स्लॅग आणि अल्कली यांपासून बंधक पदार्थ तयार केले. त्यानंतर तेव्हाच्या सोव्हिएत संघात त्याच्या इमारतीही उभ्या राहिल्या. ‘जिओपॉलिमर’ हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोव्हिट्स यांनी १९७० च्या दशकात रूढ केला.

अलीकडची दोन उदाहरणे ऑस्ट्रेलियातील आहेत. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या ग्लोबल चेंज इन्स्टिट्यूटच्या चार मजली इमारतीत २०१३ मध्ये कारखान्यात ओतलेल्या ३३ जिओपॉलिमर तुळया बसवण्यात आल्या. त्यानंतर टूवूंबा शहराजवळच्या वेलकॅम्प विमानतळावर सुमारे ४० हजार घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरले गेले. विमानांचे वजन पेलणाऱ्या पृष्ठभागावर हे साहित्य मोठ्या प्रमाणात वापरता येते, हे त्यातून दिसले.

कच्चा माल आसपास कुठे मिळतो?

पालघर जिल्ह्यापुरते बोलायचे तर डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र हा राखेचा सर्वात जवळचा स्रोत आहे. नाशिकजवळ एकलहरे येथे महानिर्मितीचे केंद्र आहे. विदर्भ, मराठवाडा आणि खान्देशातील चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, परळी, भुसावळ ही केंद्रे मात्र दूर पडतात. एका विटेत किंवा ब्लॉकमध्ये माल स्वस्त आणि वजन जास्त, असा हिशेब असतो. त्यामुळे अंतर वाढले की वाहतुकीचा खर्च फायदा गिळून टाकतो.

स्लॅगसाठी रायगड जिल्ह्यात पेणजवळच्या डोलवीचा पोलाद प्रकल्प आहे. लोखंड वितळवताना वर तरंगणारा मळ म्हणजे स्लॅग. झोतभट्टीतला स्लॅग पाण्याने झटकन थंड करून दळला की तो उत्तम बंधक होतो. पोलाद तयार करताना निघणारा स्लॅग वेगळा. त्याची बंधक म्हणून ताकद कमी असते, मात्र खडी म्हणून तो उपयोगी पडतो. वाडा तालुक्यात पोलाद वितळवणारे अनेक कारखाने आहेत. तिथल्या भट्ट्यांतील स्लॅग नेमका कोणत्या कामाचा, हे प्रत्येक कारखान्याचा नमुना तपासूनच ठरवावे लागते.

तिसरा स्रोत शेतीशी जोडलेला आहे. वाडा कोलम तांदळाच्या या पट्ट्यात भातगिरण्या आहेत. नियंत्रित तापमानाला जाळलेल्या भाताच्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असू शकते. ही राख थेट मिश्रणात घालता येते आणि तिच्यापासून सोडियम सिलिकेटही तयार करता येते. चौथा स्रोत मुंबईत आहे. फॉस्फोरिक आम्ल तयार करताना खत कारखान्यांत फॉस्फोजिप्सम उरते.

राखेबाबत कायदा काय सांगतो?

केंद्राने राखेच्या वापराची पहिली अधिसूचना १४ सप्टेंबर १९९९ रोजी काढली. वीज केंद्रापासून किती अंतरातील बांधकामांनी राखेची उत्पादने वापरावीत, हा परीघ सुरुवातीला ५० किलोमीटर होता. तो पुढे १०० आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झाला. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने ‘प्रदूषण करील तो भरील’ हे तत्त्व आणले. वीज केंद्रांनी ठरलेल्या कालावधीत राखेचा १०० टक्के वापर करायचा, अन्यथा न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई द्यायची, अशी ही तरतूद आहे. पर्यायी वस्तूपेक्षा किंमत जास्त नसेल, तर ३०० किलोमीटरच्या आतील बांधकामांना राखेची उत्पादने वापरणे बंधनकारक आहे. बोळिंज या परिघात सहज बसते.

महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१६ मध्ये राखेच्या वापराचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. तरीही राखेचा प्रश्न मिटलेला नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतात आणि ओढ्यात शिरले. परळीत राखेच्या उपशावरून आणि वाहतुकीवरून २०२५ मध्ये राजकारण तापले. राखेला आता किंमत आली आहे आणि तिच्यावर कोणाचा ताबा, हाच वादाचा विषय झाला आहे.

डहाणूचा इतिहास वेगळा आहे. चिकूच्या बागांवर राख आणि धूर पसरेल म्हणून तेथील बागायतदार आणि पर्यावरण कार्यकर्ते या केंद्राविरोधात न्यायालयात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. राख कुठे जाते, हा प्रश्न येथे तीन दशकांपासून सार्वजनिक आहे.

सध्या कोणती उत्पादने वापरात आहेत?

सर्वात सोपे आणि रुळलेले उत्पादन म्हणजे राख, चुना आणि जिप्सम यांची न भाजलेली वीट. विशाखापट्टणमच्या एन. भानुमतीदास आणि एन. कालिदास यांनी ‘फॅल-जी’ या नावाने हे तंत्र विकसित केले. ॲसिटिलीन वायूच्या कारखान्यात उरणारा चुना आणि खत कारखान्यातील जिप्सम त्यात चालते. म्हणजे वीट जवळजवळ पूर्णपणे उपउत्पादनांची होते आणि ती भाजावी लागत नाही. राख-चुना विटांसाठी आयएस १२८९४ हे मानक आहे. मात्र बाजारात ‘राखेची वीट’ म्हणून मिळणाऱ्या अनेक विटांत चुन्याऐवजी सिमेंट घातले जाते. खरेदी करताना हे विचारून घ्यावे लागते.

दुसरे उदाहरण चेंबूरचे. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने, म्हणजे आरसीएफने, फॉस्फोजिप्समपासून ‘रॅपिडवॉल’ पॅनेल तयार करण्याचा प्रकल्प उभारला होता. काचेच्या तंतूंनी बळकट केलेले हे पॅनेल १२ मीटर लांब, तीन मीटर उंच आणि १२४ मिलिमीटर जाड असते. ते आतून पोकळ असते. भार पेलायचा असेल तेव्हा पोकळीत सळ्या आणि काँक्रीट भरतात. त्यामुळे सिमेंट पूर्ण जात नाही, पण बरेच घटते. आयआयटी मद्रासने अशा पॅनेलची इमारत आपल्या आवारात उभारली आहे.

तिसरे उदाहरण रस्त्याचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात डोलवीच्या पोलाद प्रकल्पातील सुमारे ८० हजार टन स्लॅग वापरून एक किलोमीटरचा चौपदरी भाग तयार करण्यात आला. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने झालेल्या या रस्त्याचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. येथे स्लॅगने सिमेंटची नव्हे, तर डोंगर फोडून काढलेल्या खडीची जागा घेतली.

बोळिंजसारख्या भागाला याचा फायदा कसा?

पहिला फायदा पाण्याचा. साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि राख किंवा स्लॅग मिसळलेले दहा दिवस ओले ठेवावे, असे आयएस ४५६ सांगते. जिओपॉलिमरच्या जाळ्याला घट्ट होण्यासाठी असे पाणी लागत नाही. राखेच्या मिश्रणाला त्याऐवजी सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. पुरेसा स्लॅग मिसळला तर ते नेहमीच्या तापमानालाही घट्ट होते. सूर्या प्रकल्पाचे पाणी येईपर्यंत बोळिंजच्या म्हाडा वसाहतीतील घरे पाण्याअभावी पडून होती. ज्या परिसरात प्यायचे पाणी टँकरने येते, तेथे आठवडाभर स्लॅबवर पाणी साठवण्याला पर्याय असणे ही छोटी गोष्ट नव्हे.

दुसरा फायदा मातीचा. एक हजार लाल विटांना साधारण तीन टन माती लागते. पालघर, वाडा, वसई, भिवंडी पट्ट्यात वीटभट्ट्यांसाठी शेताच्या वरच्या थरातली माती जाते. त्या भट्ट्यांवर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे दरवर्षी मुलाबाळांसह स्थलांतर करतात. न भाजलेली राखेची वीट माती आणि कोळसा दोन्ही वाचवते. मात्र भट्टी बंद झाली तर या कुटुंबांचा हंगामी रोजगारही जातो. यंत्रावर चालणाऱ्या वीट कारखान्यात त्यांना कायम आणि कायद्याच्या चौकटीतले काम मिळणार का, हे आधी ठरवायला हवे.

तिसरा फायदा टिकाऊपणाचा. समुद्र आणि खाडीच्या खाऱ्या हवेत सळ्या गंजतात, काँक्रीट तडकते आणि गिलावा सुटतो. वसई-विरारमधील कोणत्याही जुन्या इमारतीच्या बाल्कनीखाली हे दिसते. नीट तयार केलेले जिओपॉलिमर काँक्रीट सल्फेट आणि आम्लांना चांगला प्रतिकार करते. त्यामुळे सांडपाण्याची गटारे, पाइप आणि चेंबर यांसाठी ते विशेष उपयुक्त मानले जाते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण द्रावणाची. कॉस्टिक सोडा त्वचेला आणि डोळ्यांना इजा करतो. सिमेंटची गोणी फोडून फावड्याने गारा कालवण्याची सवय असलेल्या साइटवर तो उघड्या हाताने हाताळणे धोक्याचे आहे. हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षण यांशिवाय हे काम होऊ शकत नाही. त्यामुळे हे तंत्र बांधकामाच्या जागेपेक्षा कारखान्यात ओतलेल्या वस्तूंना अधिक जवळचे आहे.

दुसरी अडचण खर्चाची. राख स्वस्त असली तरी कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट महाग आहेत. कॉस्टिक सोडा तयार करायला भरपूर वीज लागते. ती कोळशावरची असेल तर वाचलेल्या कार्बनचा काही भाग तिथे परत जातो. ‘सिमेंटविना’ म्हणजे ‘कार्बनविना’ असे नाही. बचत किती, हे मिश्रण, द्रावण आणि वाहतूक यांच्या एकत्रित हिशेबावर ठरते.

तिसरी अडचण सातत्याची. सिमेंटची गोणी कुठेही उघडली तरी तिचा गुण ठरलेला असतो. राखेचे तसे नाही. कोळसा बदलला, भट्टीचे तापमान बदलले, की राख बदलते. त्यामुळे राखेच्या प्रत्येक खेपेची चाचणी करावी लागते. चौथी अडचण सळ्यांशी निगडित आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये झिरपून सळ्यांचे संरक्षण कमी करतो आणि काही जिओपॉलिमर मिश्रणांत हा वेग नेहमीच्या काँक्रीटपेक्षा जास्त आढळला आहे. उष्ण, दमट आणि खाऱ्या हवेत अनेक दशके उभ्या असलेल्या जिओपॉलिमर इमारतींचा अनुभव आपल्याकडे नाही.

पाचवी अडचण मानकांची. भारतीय मानक ब्युरोने २०२० मध्ये आयएस १७४५२ प्रसिद्ध केले. अल्कलीने सक्रिय केलेले काँक्रीट आधी ओतून तयार केलेल्या वस्तूंसाठी कसे वापरावे, याची ती मार्गदर्शक तत्त्वे आहेत. साइटवर ओतल्या जाणाऱ्या तुळया, खांब आणि स्लॅब यांच्यासाठी संरचना अभियंता आजही आयएस ४५६ पाहतो आणि ते सिमेंटच्या काँक्रीटसाठी लिहिलेले आहे. मानकाचा आधार नसेल तर अभियंता सही करीत नाही. त्याचे ते वागणे योग्यच आहे.

कोणताही औद्योगिक कचरा चालेल का?

नाही. उपउत्पादन आणि घातक कचरा यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. राख, झोतभट्टीचा स्लॅग आणि जिप्सम यांचे गुणधर्म माहीत आहेत आणि त्यांच्यासाठी मानके आहेत. तारापूर औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचा किंवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा गाळ वेगळा. त्याला घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम लागू होतात. ‘कचऱ्यापासून विटा’ या आकर्षक नावाखाली असा गाळ भिंतीत जाऊ लागला, तर प्रदूषण कारखान्यातून घरात येईल.

चांगल्या उपउत्पादनांनाही तपासणी हवी. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात. घट्ट झालेल्या जाळ्यात ते बऱ्याच अंशी अडकून राहतात, पण पाण्यात किती झिरपतात याची चाचणी केल्याशिवाय तसे गृहीत धरता येत नाही. फॉस्फोजिप्सममध्ये आम्लाचे अंश आणि अल्प प्रमाणात किरणोत्सारी घटक असू शकतात. म्हणून ते धुऊन आणि तपासून घ्यावे लागते. पोलादाच्या स्लॅगमध्ये मोकळा चुना उरला तर तो ओलाव्याने फुगतो आणि वर केलेला रस्ता किंवा फरशी उचलली जाते. त्यामुळे तो काही काळ उघड्यावर मुरवून किंवा वाफ देऊन मगच वापरतात. कारखान्याच्या फाटकातून ट्रक भरून थेट प्लॉटवर ओतला, तर त्याला पुनर्वापर म्हणता येत नाही. ती भराव घालून केलेली विल्हेवाट ठरते.

इमारतींच्या सुरक्षिततेचे काय?

वसई-विरारमध्ये हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला विजयनगरमधील रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. नालासोपाऱ्यातील अग्रवाल नगरीत ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या आणि हजारो लोक बेघर झाले. या घटनांचा नव्या साहित्याशी काही संबंध नाही. नेहमीच्या साहित्याने, पण परवानगी, आराखडा आणि तपासणीविना बांधल्या गेलेल्या इमारतींचा हा इतिहास आहे.

पण त्यातून एक गोष्ट दिसते. सिमेंट काँक्रीट हे चुका पोटात घालणारे साहित्य आहे. पाणी थोडे जास्त पडले, तरी ते काही वर्षे उभे राहते. जिओपॉलिमरमध्ये द्रावणाचे प्रमाण चुकले तर ते घट्टच होणार नाही किंवा मिनिटांत घट्ट होऊन वाया जाईल. जेथे सिमेंटचे काँक्रीटही कोणी तपासत नाही, तेथे अधिक नाजूक साहित्य आणणे जोखमीचे आहे. सिमेंटविना बांधकामासाठी राखेइतकीच तपासणीची व्यवस्थाही लागते. ठोकळ्यांच्या दाबचाचण्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, खेपेगणिक नोंदी आणि सही करणारा जबाबदार अभियंता यांशिवाय कोणतेही साहित्य सुरक्षित नाही. पर्यावरणस्नेही साहित्याच्या नावाखाली ही साखळी ढिली झाली, तर त्याची किंमत रहिवासीच मोजतील.

सुरुवात कुठून करता येईल?

ज्या वस्तू तुटल्या तरी जीव जात नाही, तेथून. पदपथाचे पेव्हर ब्लॉक, रस्त्याकडेचे दगड, गटाराच्या भिंती, कुंपणाच्या फळ्या आणि टॉवरमधील भार न पेलणाऱ्या भिंतींचे ब्लॉक ही त्याची यादी आहे. या वस्तू कारखान्यात ओतल्या जातात, त्यांना आयएस १७४५२ चा आधार आहे आणि पालिका त्यांची खरेदी मोठ्या प्रमाणात करतात. वस्तू पालिकेच्या दरसूचीत आली आणि निविदेच्या अटींत तिचे मानक लिहिले गेले, की ठेकेदार ती मागू लागतो आणि छोटे कारखाने यंत्रे घेतात. दरसूचीत नसलेली वस्तू कितीही चांगली असली तरी सरकारी कामावर येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेतील ३०० किलोमीटरची अट प्रत्यक्षात उतरण्याचा मार्गही निविदेतूनच जातो.

सामान्य खरेदीदारालाही काही प्रश्न विचारता येतात. भिंतीची वीट भाजलेली आहे की राखेची? राखेची असेल तर त्यात बंधक म्हणून चुना आहे की सिमेंट? तिच्यावर मानक ब्युरोचे चिन्ह आहे का? चाचणीचा अहवाल पाहायला मिळेल का? गृहनिर्माण संस्थेला आवारात नवे ब्लॉक टाकायचे असतील, तर हेच प्रश्न ठेकेदाराला विचारता येतील.

दीर्घ पल्ल्याचा एक प्रश्न उरतोच. चांगली राख आणि झोतभट्टीचा स्लॅग आजही सिमेंट कंपन्या मोठ्या प्रमाणात विकत घेतात. राख त्यांच्याकडून काढून जिओपॉलिमरला दिली आणि त्यांनी तेवढे क्लिंकर वाढवले, तर निव्वळ फायदा फारसा राहत नाही. खरी बचत तलावांत साठलेल्या जुन्या राखेत, आज वाया जाणाऱ्या स्लॅगमध्ये आणि भाताच्या तुसात आहे. कोळशावरची वीज उद्या कमी झाली की ताजी राखही घटेल. वर्षानुवर्षे साठलेल्या राखेचे डोंगर मात्र तेव्हाही राहतील. ती राख बाहेर काढून, तपासून, उपयोगात आणणारी यंत्रणा उभी करणे हेच पुढील काम आहे आणि बोळिंजच्या पदपथावरील ब्लॉकपासून त्याची सुरुवात होऊ शकते.